चुलीपाशी शिकलेली भाषा

आमच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा स्पॅनिश भाषेचा अभ्यास करीत असून मध्य अमेरिकेतील एखाद्या डोंगरी खेड्यातील शाळेत काही आठवडे राहून तो पुरा करण्याची त्यास इच्छा झाली आहे. घरात मतभेद आहे. वडील मंडळींचे म्हणणे असे की, पुण्यामुंबईस वर्ग आहेत, पुस्तके आहेत, घरबसल्या यंत्रावर शिकण्याची सोय आहे. मग इतका खर्च करून परदेशी जावे आणि तेथेही शहर सोडून मजुरांच्या वस्तीत जेवावे, यात विशेष ते काय? भगिनींनी आमचा अभिप्राय विचारला आहे.

अभिप्राय देणे सोपे असते. तो आधाराने देणे अवघड. सुदैवाने या बाबतीत आमच्यापाशी आधार आहे. आमची पुतणी २०१९ च्या पावसाळ्यात ग्वाटेमाला देशातील अशाच एका शाळेत पाच आठवडे राहून आली. ती टेक्सस प्रांतातील एका रुग्णालयात डॉक्टर आहे. तिच्याकडे येणाऱ्या रोग्यांपैकी पुष्कळांस स्पॅनिशवाचून दुसरी भाषा येत नाही. रुग्णालयात दुभाष्याची सोय असते, परंतु पोटात कळ येऊन तळमळणाऱ्या म्हातारीस "कोठे दुखते?" एवढे विचारण्यास मध्ये तिसरे माणूस लागावे, ही गोष्ट तिला सलत होती. निघण्यापूर्वी आम्ही तिला एक कोरी वही दिली आणि रोज रात्री एक पान तरी मराठीत लिहावे, अशी अट घातली. "काका, मी स्पॅनिश शिकायला चालले आहे, मराठी नव्हे," असे ती हसून म्हणाली. पण अट तिने पाळली. पुढील मजकूर बहुतांशी त्या वहीच्या आधारे आहे.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. ग्वाटेमालाच्या पश्चिम भागात केत्साल्तेनांगो नावाचे शहर सुमारे २,३०० मीटर उंचीवर वसलेले आहे. परदेशीयांस स्पॅनिश शिकविणाऱ्या शाळांबद्दल अंतिग्वा शहराप्रमाणेच याचीही प्रसिद्धी आहे. येथे १९८८ साली 'प्रोयेक्तो लिंग्विस्तिको केत्साल्तेको' ही संस्था निघाली व तिने १९९७ साली शहराबाहेर, कोलोम्बा गावाच्या बाजूस 'एस्कुएला दे ला मोंतान्या', म्हणजे डोंगरातील शाळा, उघडली. हा भाग शहरापेक्षा पुष्कळ खाली, प्रशांत महासागराकडे उतरणाऱ्या पहाडाच्या कुशीत आहे. हवा दमट, झाडी दाट, आणि जिकडेतिकडे कॉफीचे मळे. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस असतो. सकाळ लख्ख उजाडावी आणि दुपार कलताच ढगांनी डोंगर गिळून टाकावा, हा तेथील नित्यक्रम. आमच्या पुतणीस कोकणातील आजोळाची आठवण होई, असे तिने तीन ठिकाणी लिहिले आहे.

शाळेची व्यवस्था अशी होती. विद्यार्थ्यांनी निजावे शाळेच्या घरात, परंतु तिन्ही वेळचे जेवण शेजारच्या दोन वस्त्यांतील कुटुंबांत घ्यावे. या वस्त्यांची नावे फातिमा आणि नुएवो सान होसे. दोन्ही वस्त्या कॉफीच्या मळ्यांवरून मजुरीच्या तंट्यामुळे बाहेर पडलेल्या कुटुंबांनी वसविलेल्या. विद्यार्थ्याच्या जेवणाचे पैसे त्या त्या घरास मिळत, आणि तो लाभ सर्वांच्या वाट्यास यावा म्हणून दर आठवड्यास पुतणीचे जेवणाचे घर बदले. वर्ग म्हणाल तर एका शिक्षकास एकच विद्यार्थी. पत्र्याच्या किंवा गवताच्या छपराखाली लहानसे टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये वही. आणि चार-पाच तास केवळ संभाषण, व्याकरण व पुन्हा संभाषण. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गापुढे ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यास हे वाचून शिक्षकाचा हेवा वाटला आणि विद्यार्थ्याची दयाही आली. पन्नासांच्या वर्गात मागच्या बाकावरील मुलास लपावयास जागा तरी असते. एकाच्या वर्गात लपावे कोठे?

दिवस कोंबड्याच्या आरवण्याने सुरू होई. थंड पाण्याने स्नान, मग चिखलाच्या पायवाटेने जेवणाच्या घरी. तेथे काळा घेवडा शिजवून घोटलेला, मक्याच्या गरम भाकऱ्या आणि साखर घातलेली पातळ कॉफी. जगातील उत्तम कॉफी ज्या डोंगरावर पिकते तेथील मजुराच्या पेल्यात ती पातळ असावी, यावर पुतणीने वहीत काही भाष्य केलेले नाही. आम्हीही करीत नाही. न्याहारीनंतर वर्ग; दुपारी पुन्हा त्याच घरी जेवण; मग पाऊस, त्याबरोबर अभ्यास; सायंकाळी शाळेत कधी कोणी पाहुण्याने येऊन गावच्या इतिहासावर, कधी औषधी वनस्पतींवर बोलावे; रात्री पुन्हा विजेरी घेऊन जेवावयास. म्हणजे पायवाटेने रोज तीन फेऱ्या जाणे व तीन येणे. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकास "बुएनोस दीआस" किंवा "बुएनास तार्देस" म्हणावयाचे. न म्हणणारा उर्मट ठरतो. शाळेत शिकलेले शब्द पायवाटेवर घासून चुलीपाशी वापरात यावेत, अशी ही योजना.

आता अभ्यासाविषयी. या भागात आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. संस्कृताच्या जुन्या शिक्षकास वाचक एवढी सवलत देतीलच.

स्पॅनिश शिकताना इंग्रज-अमेरिकन विद्यार्थी जेथे अडखळतो, तेथे मराठी माणसाची वाट पुष्कळदा सोपी असते. उदाहरणार्थ, "मे गुस्ता एल काफे" हे वाक्य. यात कर्ता कॉफी असून 'मे' म्हणजे 'मला'. इंग्रजीत आवडणारा मनुष्य कर्ता होतो, म्हणून त्या विद्यार्थ्यास हे वाक्य उलटे भासते. आपल्यास मात्र ते "मला कॉफी आवडते" याचेच प्रतिबिंब. पाणिनीने रुचणे या अर्थाच्या धातूंच्या योगे ज्यास रुचते त्यास संप्रदान म्हटले आहे. त्या चतुर्थीची वाट संस्कृतातून मराठीपर्यंत आली आणि तिची सख्खी बहीण लॅटिनातून स्पॅनिशपर्यंत गेली. पुतणीस सर्वांत आधी हवे असलेले वाक्य होते "दोंदे ले दुएले?", म्हणजे "आपणांस कोठे दुखते?" त्यातही 'ले' ही चतुर्थीच. पहिल्या आठवड्यातच ते तिच्या जिभेवर बसले.

दुसरे उदाहरण याहून मनोहर आहे. स्पॅनिशमध्ये 'असणे' याला दोन धातू आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. वस्तूचे स्वरूप सांगावयाचे तर पहिला. तिची स्थिती किंवा तिचे स्थान सांगावयाचे तर दुसरा. परदेशी विद्यार्थी या दोहोंच्या भेदावर महिनेच्या महिने ठेचा खातात. परंतु 'एस्तार' हा लॅटिन 'स्तारे' या धातूपासून आलेला, आणि तो आपल्या 'स्था' धातूचा भाऊ आहे. आम्ही वर 'स्थिती' आणि 'स्थान' असे दोन शब्द योजले. दोन्हीही 'स्था' पासूनच निघालेले! 'सेर' चे 'एस' हे रूप पाहावे, तर ते आपल्या 'अस्ति' शी नाते सांगते. निघण्यापूर्वी एवढी एक किल्ली आम्ही पुतणीच्या हाती दिली होती. तिच्या शिक्षिकेस तिने ती समजावून सांगितली तेव्हा त्या बाईंनी 'स्था' हा धातू आपल्या वहीत उतरवून घेतला, अशी नोंद आहे. संस्कृताच्या प्रचाराच्या गोष्टी आपण पुष्कळ करतो. कॉफीच्या मळ्यात तो असा एका धातूने झाला.

तिसरी गोष्ट भूतकाळाची. एकदाच घडून संपलेली क्रिया आणि पूर्वी नेहमी घडत असलेली क्रिया यांना स्पॅनिशमध्ये निराळी रूपे आहेत. "विनो" म्हणजे आला. "वेनीआ" म्हणजे येई किंवा येत असे. इंग्रजी बोलणाऱ्यास हा भेद नियम पाठ करून शिकावा लागतो. आपला रीतिभूतकाळ मात्र आपल्यास आजीच्या तोंडून मिळालेला असतो. "तो रोज पहाटे उठे, नदीवर जाई" असे म्हणणारी माणसे आता कमी झाली, हा भाग वेगळा. या काळाविषयी आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, त्याचे कारण पुढे येईल.

आता चुलीकडे वळू. पुतणीच्या वहीत सर्वांत सविस्तर वर्णन मक्याच्या भाकरीचे आहे. तेथे मका नुसता दळीत नाहीत. रात्री दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून तसेच मुरत ठेवतात. सकाळी स्वच्छ धुऊन त्यांचे साल काढतात. मग ओले दाणे गिरणीवर वाटून आणतात आणि त्या गोळ्याच्या भाकऱ्या दोन तळव्यांवर थापून खापरावर भाजतात. पहिल्या आठवड्यात पुतणीची भाकरी कडेस फाटे आणि घरातील सात वर्षांची मुलगी ती हसत हसत नीट करून देई. ज्वारीची भाकरी थापण्याचा अभ्यास असता तर एवढी फजिती न होती, असे आमच्या वहिनींचे मत पडले. ते खरेही असेल.

पण चुना कशाकरिता? रुची व मऊपणा हे झाले वरवरचे कारण. मक्यात नायसिन नावाचे जीवनसत्त्व असते, परंतु ते अशा रीतीने बांधलेले असते की शरीरास त्याचा उपयोग होत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजविल्याने ते मोकळे होते. ही विद्या तेथील बायकांस हजारो वर्षांपासून अवगत आहे. ज्यांच्या 'पोपोल वूह' या किचे भाषेतील ग्रंथात देवांनी मनुष्य मक्यापासून घडविला असे सांगितले आहे, त्यांस मका कसा शिजवावा हे कळावे यात नवल नाही. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. चुना मात्र नेला नाही. परिणाम असा झाला की, मक्यावरच निर्वाह करणाऱ्या युरोपातील गरिबांत एक भयंकर रोग उद्भवला. कातडी सोलवटून निघे, हगवण लागे आणि अखेर बुद्धिभ्रंश होई. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले; पुढे त्यास 'पेलाग्रा' हे नाव पडले. विजेत्यांनी धान्य उचलले, पण ते रांधणाऱ्या बाईस चार शब्द विचारले नाहीत. त्याचा दंड त्यांच्याच देशातील गरिबांनी भरला.

आमच्या मते भगिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आले. पुस्तकातून किंवा यंत्रावरून शब्द येतात, यात शंका नाही. परंतु तो चुन्यावाचून शिजविलेला मका आहे. पोट भरते, अंगी लागत नाही.

उरलेले अर्धे उत्तर वहीच्या चौथ्या आठवड्यात आहे. त्या आठवड्यात पुतणी ज्या घरी जेवत होती तेथील आजीबाईंची मातृभाषा माम. ग्वाटेमालात माया कुळातील बावीस भाषा बोलल्या जातात, त्यांपैकी ही एक. स्पॅनिश आजीबाईंनाही मळ्यावर येऊनच शिकावी लागली होती, म्हणून त्या सावकाश व मोजके बोलत आणि पुतणीस त्यांचे बोलणे सर्वांत चांगले समजे. पावसाने वीज गेली होती. चुलीच्या उजेडात त्यांनी आपली हकीकत सांगितली. आरंभी सगळी रूपे रीतिभूतकाळाची. वडील पहाटे मळ्यावर जात. आई पाठीशी मूल बांधून कॉफीची लाल फळे तोडी. संध्याकाळी पोती मापली जात. माप घेणारा कधी पुरते माप धरी, कधी न धरी. असे किती वेळ चालले होते. मग एकाएकी क्रियापद बदलले आणि आजीबाई म्हणाल्या, "नो नोस पागारोन."

'पागार' म्हणजे पैसे देणे. गोव्या-वसईच्या पोर्तुगीजांपासून आपल्या मराठीने 'पाव' घेतला, 'चावी' घेतली, तसाच 'पगार' हा शब्दही घेतला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या भाषा. दोहोंत हा धातू एकच. पुतणीस अर्थ जुळवावा लागला नाही. ती लिहिते : "काका, ते वाक्य मला मराठीतच ऐकू आले. आम्हांला पगार दिला नाही." पुढली सगळी क्रियापदे एकदाच घडून गेलेल्या गोष्टींची होती. आम्ही एकत्र झालो. मागणे केले. आम्हांस कामावरून काढले. आम्ही घर सोडले. मळ्यावरील घर मळेवाल्याचे असते. काम गेले की छप्परही जाते. नित्याच्या काळातून एका दिवसाच्या काळात आजीबाई कोठे शिरल्या, हे व्याकरणाने सांगितले. आणि व्याकरण कशासाठी असते हे आपणांस त्या रात्री कळले, असे पुतणीने लिहून ठेवले आहे. आम्ही चाळीस वर्षे काळ शिकविले; त्यांची इतकी चांगली परीक्षा आमच्या हातून कधी झाली नाही.

ही एका घरचीच कथा नव्हे. ग्वाटेमालात १८७० नंतरच्या दशकांत कॉफीचे मळे वाढले, तेव्हा माया लोकांच्या जमिनी गेल्या आणि १८७७ च्या कायद्याने त्यांस मळ्यांवर सक्तीने राबविण्याची सोय झाली. १९५२ साली पडीक जमीन भूमिहीनांस वाटण्याचा कायदा झाला; दोन वर्षांत, १९५४ साली, ते सरकार अमेरिकेच्या साहाय्याने उलथले गेले. १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी युद्ध चालले. त्यात सुमारे दोन लक्ष माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, असा चौकशी मंडळाचा १९९९ चा अंदाज आहे. त्यांत फार मोठा भाग माया लोकांचा होता. ही माहिती आपल्या घरी बसूनही वाचता येते, हे आम्ही मान्य करतो. पण वाचलेल्या इतिहासात 'मजूर' असतात; चुलीपाशी बसून ऐकलेल्या इतिहासात आजी असते.

आता जेवणाविषयी. वडील मंडळींचा खरा संकोच येथे आहे, हे पत्रावरून आम्हांस दिसते. मजुराच्या घरी जेवून शिकणे ही गोष्ट आपल्यास इतकी नवी वाटण्याचे कारण नाही. आमचे वडील १९४० नंतरच्या दशकात पुण्यास वार लावून शिकले. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे, अशी सात घरे. ते सांगत की, सात घरांत अन्न सारखेच असे. पण कोणत्या घरी पान आनंदाने वाढले जाई आणि कोणत्या घरी ताटाबरोबर उपकारही वाढला जाई, हे त्यांस उतारवयापर्यंत वारनिहाय पाठ होते. त्या डोंगरातील व्यवस्था ही वारांचीच, केवळ वारांऐवजी आठवडे. भेद एवढाच की, आपल्याकडे सुखवस्तू घर गरीब विद्यार्थ्यास पोशी. तेथे सुखवस्तू विद्यार्थ्याच्या जेवणाने गरीब घरास आधार होई. मान खाली घालून जेवण्याचे कारण कोणासच नाही. उलट घरची बाई शिक्षिकेइतकीच गुरू ठरते.

शाकाहाराची अडचण पुतणीस फारशी पडली नाही. घेवडा, मका, केळी, चौचौ आणि आपल्या कामोणीच्या जातीची पालेभाजी यांवर पाच आठवडे निघाले. तिने पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले आणि कोणी आग्रह केला नाही. ज्यांस परक्या देशाच्या अन्नाचीच शंका असेल त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, आपल्या एकादशीच्या फराळातील बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि ज्या कंदाचा साबूदाणा करतात तो कंद, ही सर्व अमेरिका खंडाकडूनच आलेली आहेत. ज्या भूमीच्या कंदमुळांवर आपण उपवास करतो, तेथे जेवण्यास हरकत कसली?

तरी उत्साहाच्या भरात व्यवहार सोडू नये. पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेलेच प्यावे. पावसाळ्यात जावयाचे तर कपडे वाळत नाहीत, हे धरून चालावे. देशातील सद्यःस्थितीची अधिकृत सूचना निघण्यापूर्वी पाहावी आणि शाळेशी स्वतः पत्रव्यवहार करावा. काळांची व सर्वनामांची तोंडओळख घरीच करून जावे, म्हणजे तेथील मोलाचे तास 'मी-तू-तो' यांत जात नाहीत. आणि पाच आठवड्यांत भाषा पुरी येईल, ही आशा धरू नये. पुतणीसही ती पुरी आली नाही. पण परत गेल्यावर नित्याच्या तपासणीत रोग्याचा पहिला प्रश्न ती स्वतः विचारू लागली आणि दुभाष्यास गुंतागुंतीच्या गोष्टींपुरते बोलावू लागली. जेथे चूक जिवावर बेतेल तेथे दुभाषी हवाच, हेही ती बजावून सांगते.

तेव्हा भगिनींनी मुलास जाऊ द्यावे, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. मात्र त्यानिमित्ताने एक प्रश्न आम्ही वाचकांपुढेही ठेवतो. परभाषा शिकावयास लोक केवळ परदेशीच जातात असे नाही. आपल्या दारीही येतात. समोरच्या इमारतीच्या बांधकामावर बिहार-बंगालहून आलेली कुटुंबे आहेत, फाटकाशी नेपाळचा रखवालदार आहे. त्यांची मुले मराठी शाळेत जातात आणि मराठी शब्द आपल्या अंगणातून, आपल्याच तोंडून उचलतात. त्या मुलांस आपण कोणते शब्द ऐकवितो? 'इकडे ये', 'तिकडे हो', 'हात लावू नको', एवढेच त्यांच्या वाट्यास येत असतील, तर त्यांच्या मराठीत पुढे काय उतरेल? त्या डोंगरातील एका सात वर्षांच्या मुलीने फाटलेली भाकरी सांधून देत आमच्या घरच्या डॉक्टरणीस आपली भाषा दिली. आपल्याही स्वयंपाकघरात एखादा पाट अधिक मांडता येण्याजोगा आहे.